धनको क्रमांक तीन

नांदेड
१२ जून २०२३

सत्यम बेटा,

दुआ.

आज सकाळी पोस्टमन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "खाला, सही करा. कोर्टाचं हाय." मी आयुष्यभर पोस्टाच्या काउंटरवर बसले. कोर्टाचं पाकीट हातात घेताना माणसाचा चेहरा कसा उतरतो ते मी जाळीच्या आतून रोज बघितलं. आज जाळीच्या बाहेर मी होते. शेजारची सुमय्या गॅलरीतून वाकून बघत होती, तिला मी सांगितलं की पेन्शनचं काहीतरी आलंय.

पाकीट लातूरच्या जिल्हा कोर्टाचं. आत लिहिलंय की अर्जदार सत्यम दगडोबा, राहणार रेणापूर, यानं आपल्याला नादार जाहीर करावं म्हणून अर्ज केलाय. खाली धनकोंची यादी. पहिली बँक. दुसरी मोबाइलचे हप्ते वसूल करणारी कंपनी. आणि तिसरी कोण? सुलतानबी, वय अडुसष्ट, धंदा निवृत्त.

अरे, मी सावकार कधी झाले? डिप्लोमाची तीन वर्षं तू माझ्या माडीवर राहिलास. तुला कावीळ झाली तेव्हा महिनाभर तुझ्यासाठी बिनतेलाचं शिजवलं, आणि तू नाक मुरडत गिळलंस. त्याचं बिल लावलं होतं का मी? पुढे पुण्यातल्या त्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला बँकेनं हात आखडला आणि फीचे पैसे मी दिले, ते घरातलं पोर म्हणून दिले. आणि आज तू मला त्या मोबाइलवाल्यांच्या पंगतीत नेऊन बसवलंस.

फोन लावते तर तुझा नंबर बंद. म्हणून हे पत्र. नादार म्हणजे नेमकं काय करून बसलास ते आधी कळव. आणि त्या यादीतून माझं नाव काढ. मला फार लागलंय, हे लपवत नाही.

तुझी,
सुलतानखाला

ता. क. कोर्टानं माझ्या पत्त्यात पिनकोड चुकीचा घातलाय. तूच दिला असशील.

*

लातूर
२१ जून २०२३

ती. खाला,

सलाम.

पिनकोड मीच चुकवला. बाकीच्या गोष्टीही मीच केल्यात, त्या सांगतो.

फोन बंद केला कारण वसुलीवाले दिवसभर फोन करतात. मला करतात तोवर ठीक होतं, मग ते डाळमिलच्या ऑफिसात करायला लागले. आमचे मालक सिद्रामप्पा भले माणूस आहेत, पण तेही एकदा म्हणाले, "सत्या, तुझ्या बँकेला सांग, इथं डाळ विकतात." आता नवीन नंबर फक्त आईकडे आणि वकिलांकडे आहे. तुम्हालाही देता आला असता. पण हे सगळं तुमचा आवाज ऐकत सांगायची माझी हिंमत झाली नाही.

विमान दुरुस्तीच्या त्या कॉलेजची मान्यता गेली हे तुम्हाला माहीत आहे. पदवीचा कागद आहे, त्याला कुणी विचारत नाही. मी मिलमध्ये सॉर्टेक्स चालवतो. त्या मशीनमधून तूरडाळ पडते, कॅमेरा काळा दाणा हेरतो आणि हवा मारून बाजूला उडवतो. काम बरं आहे. पण बँकेचा महिन्याचा हप्ता माझ्या पगाराहून मोठा आहे, आणि व्याज चढत चढत कर्ज दुप्पट झालंय. सहकर्जदार म्हणून बाबांची सही होती, ते गेले. त्यांच्या मागे जमीन नाही, घर आईच्या माहेरचं. मी साठ वर्षांचा होईन तेव्हाही हे कर्ज आजच्यापेक्षा जास्त असेल.

आमच्या ओळखीत विशाखाताई वकील आहेत. त्या म्हणाल्या, इंग्रजांच्या वेळचा एक कायदा आहे, फार कुणी वापरत नाही, पण आहे. ज्याला फेडणं शक्यच नाही त्यानं कोर्टापुढे सगळं उघड करायचं. काय आहे, कुणाचं देणं आहे, सगळं. कोर्ट असेल ते विकून सगळ्या धनकोंत वाटतं आणि माणूस प्रामाणिक वाटला तर पुढे त्याला उरलेल्या देण्यातून मोकळं करतं. अट एकच, काही लपवायचं नाही.

तुमचं नाव मी आधी दिलं नव्हतं. कारण यादीत आलेलं देणं शेवटी पुसलं जातं, आणि तुमचं मला पुसायचं नव्हतं. बँकेचं बुडालं तर मला झोप येईल, तुमचं बुडालं तर येणार नाही. पण तुम्हाला दर महिन्याला करतो त्या मनीऑर्डरच्या पावत्या विशाखाताईंना दिसल्या. मी म्हणालो, हे बाहेर राहू द्या, हे मी फेडणार आहे. त्या म्हणाल्या, "आवडीचं देणं बाहेर ठेवता येत न्हाई. एक लपवलंस तर सगळंच लपवलंस असं कोर्ट धरतं." म्हणून लिहिलं.

तुमचे पैसे आता कायद्यानं बुडणार, म्हणून तुम्ही रागावलात तर तो राग बरोबर आहे. मी काय बोलणार?

तुमचा,
सत्यम

*

नांदेड
२ जुलै २०२३

सत्यम,

तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचून मी पत्र उलटं ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. पैसे बुडणार म्हणून मी रागावले? एवढी वर्षं माझ्या हातचं खाऊन तुला माझी हीच ओळख झाली?

मी रागावले कारण तू मला परकी केलंस. आपल्या माणसानं दिलेल्याची यादी होत नाही. तुझ्या आईनं तुला दूध पाजलं त्याचीही नोंद दे मग कोर्टात, धनको क्रमांक चार म्हणून.

ऐक. यावर सोपा तोडगा आहे. मी कोर्टाला लिहून देते की ते पैसे बक्षीस होते. उसने नव्हतेच. म्हणजे तुझ्यावर माझं काही येणं नाही, आणि माझं नाव आपोआप निघेल. तुझ्या वकीलबाईंना विचार, कागद कसा करायचा.

दुसरं, तू मला दर महिन्याला मनीऑर्डर करतोस तो विषय तिथं काढू नकोस. का ते विचारू नकोस. जेवढं विचारतील तेवढंच सांग आणि गप्प बस. तुला जास्त बोलायची सवय आहे.

पाऊस नाही. माडीवर आता एक बँकेतला मुलगा राहतो, फार सभ्य आहे, त्यामुळे करमत नाही.

सुलतानखाला

*

लातूर
१८ नोव्हेंबर २०२३

ती. खाला,

सलाम. इतके दिवस लिहिलं नाही, कारण तारखांवर तारखा पडत होत्या आणि सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि ते चांगलं नाही.

आधी बक्षिसाचं. विशाखाताई म्हणाल्या की खाला तसं म्हणत असतील तर म्हणू दे, पण तू काय समजून घेतलेस ते तुला सांगावं लागेल. खाला, पैसे देताना तुम्ही म्हणाला होता, "जमेल तसं दे, घाई न्हाई." मी ते शब्द धरूनच पैसे घेतले. ते शब्द नसते तर घेतले नसते. मला फुकट शिकायचं नव्हतं. तुम्ही ते सहज म्हणाला असाल, मी सहज ऐकलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी माझी तपासणी झाली. शपथ झाली. बँकेच्या वकिलांनी विचारलं, अर्ज करण्याआधीच्या काळात तुम्ही कुणाकुणाला पैसे दिले? तुम्ही गप्प बसायला सांगितलं होतं. पण प्रश्न समोर, हात वर केलेला, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नव्हतं. उलट तेवढी एकच गोष्ट मी ताठ मानेनं सांगू शकत होतो. मी म्हणालो, नोकरी लागल्यापासून दर महिन्याला नांदेडला सुलतानबींना मनीऑर्डर करतो, एकही महिना चुकलेला नाही.

वकील हसले. म्हणाले, "म्हणजे बँकेला द्यायला पैसे न्हाईत, आणि बाईंना द्यायला हायेत."

मी कसं समजावणार? बँकेत टाकलेला रुपया व्याजात कुठं जायचा ते दिसायचंसुद्धा नाही. तुमचं देणं तेवढं मला दर महिन्याला कमी होताना दिसायचं. मी देणेकरी असूनही माणूस आहे, असं त्या एका दिवशी वाटायचं.

आता त्यांचं म्हणणं असं की या बाई नावालाच धनको आहेत, पैसे लपवायला उभ्या केलेल्या. पुढच्या तारखेला, जानेवारीत, तुम्हाला साक्षीला बोलावलंय. समन्स येईल. कोर्टाला त्यांचं पटलं तर अर्ज फेटाळतील. मग पगारावर जप्ती आणि जन्मभर हेच.

तुम्ही फक्त एवढं सांगा की पैसे मिळाले आणि ते तुम्ही घरखर्चाला वापरले. तेवढं सांगितलंत की झालं.

सत्यम

*

नांदेड
२७ नोव्हेंबर २०२३

सत्यम बेटा,

ते मला सांगता येणार नाही. शपथेवर तर नाहीच. कारण तुझ्या मनीऑर्डरचा एक रुपयाही मी वापरलेला नाही.

पहिली मनीऑर्डर आली तेव्हा पोस्टमननं माझ्या हातात नोटा मोजल्या आणि मी तशीच ओट्यावर बसून राहिले. परत पाठवावी तर तुझं तोंड डोळ्यांपुढे आलं. तू किती ताठ आहेस मला ठाऊक आहे. ठेवून घ्यावी तर हात जळत होते. त्याच्या थोडं आधीच तुझे वडील गेले होते आणि मी भेटायला रेणापूरला येऊन गेले होते. तू मिलमध्ये होतास. तुझ्या आईनं मला चहा दिला, बिनदुधाचा, आणि म्हणाली की दूध नासलं. मी इतकी वर्षं संसार केलाय, नासलेलं दूध आणि न आणलेलं दूध मला कळतं.

म्हणून मी त्याच दिवशी पोस्टात गेले, माझ्याच जुन्या काउंटरवर, आणि तेवढ्याच रकमेची मनीऑर्डर रेणापूरला तुझ्या आईच्या, केवळाबाईंच्या नावानं केली. वर माझ्या पदरचं कमिशन भरलं. तेव्हापासून दर महिन्याला हेच चाललंय. तू लातूरहून पाठवतोस, मी नांदेडहून रेणापूरला धाडते.

पैसे तुझे आहेत हे तुझ्या आईला मी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिनं तुला विचारलं असतं आणि तू पुन्हा माझ्याच दारात आणून टाकले असतेस. तिला वाटतं ते मी देते. आणि तिनंच मला तुझी शपथ घातली की सत्याला कळू देऊ नका, त्याला वाटेल आपल्या पगारात आईचं भागत नाही.

मला वाटत होतं, मी फार शहाणपणा केलाय. कुणाचं मन दुखलं नाही आणि पैसे जिथं लागतात तिथं पोचले. मनातल्या मनात हसायचेही मी. आता कोर्टात हे सांगितलं तर कसं दिसेल ते तुझ्या वकीलबाईंना विचारायची गरज नाही. दिवाळखोर पोरगा पैसे नांदेडच्या बाईकडे पाठवतो आणि बाई ते गुपचूप त्याच्याच घरी पोचवते. मी न्यायाधीश असते तर मीही हेच म्हटलं असतं की हे सगळे मिळून बँकेला फसवतायत.

मला भीती वाटते रे. काय बोलू ते तूच सांग.

सुलतानखाला

*

रेणापूर
१० डिसेंबर २०२३

खाला,

आज रविवार, घरी आलोय. आईला सांगितलं.

ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. आधी तिला कळेचना. मी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजी ते तुझे हुते?"

"हाव आई. माझेच."

"आन मी येवढी वर्सं त्या बाईच्या उपकाराखाली जगून राहिले?" तिचा आवाज चढत गेला. "पोस्टमन आला की कुणी बघू नये म्हून दार लोटून सही करायची म्या. त्या पैशाचं सणाला लुगडं घेतलं न्हाई. परक्याच्या पैशाचं गोडधोड कसं खावं म्हून शेवयाबी केल्या न्हाईत. देवाफुडं बसले की आधी तिचं नाव घ्यायची, मंग तुझं. आन ते माझ्या लेकाचे हुते! माझ्या लेकाच्या कमाईचं मला ताठ मानेनं खाऊ दिलं न्हाई तिनं."

मग ती उठून आत गेली. अजून तिथंच चुलीपुढे बसलीय.

तुमचा हेतू मला कळतो. तुमच्यावर आवाज चढवायची माझी लायकी नाही. पण मी हे बोललो नाही तर माझ्या पोटात राहील. मी ज्यांना पैसे दिले त्यांनी ते घेतलेच नाहीत, आणि जिला पोचले तिला ते माझे म्हणून पोचले नाहीत. म्हणजे इतकी वर्षं मी कुणालाच काही दिलं नाही. तुमचं देणं कमी होताना दिसतंय असं मी समजत होतो, तेही खोटंच होतं. तुम्ही ते कधी कमी धरलंच नव्हतं.

काय बोलायचं ते मी सांगणार नाही. जे झालं ते सांगा. अर्ज फेटाळला तर फेटाळू दे.

सत्यम

*

नांदेड
६ जानेवारी २०२४

सत्यम बेटा,

तुझ्या पत्रानं मला बरेच दिवस लिहू दिलं नाही. रडले, रागावले, तुला कृतघ्न म्हटलं, मग पुन्हा वाचलं. तू म्हणतोस ते खरं आहे. तुझ्या आईचं तर त्याहून खरं आहे. तिचं दार लोटून सही करणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी आयुष्यभर मनीऑर्डरी केल्या, घेणाऱ्याच्या दाराकडे कधी बघितलं नाही.

एक जुनी गोष्ट आठवली. आमच्यात जनाजा उचलायच्या आधी घरातला वडीलधारा दारात उभा राहतो आणि जमलेल्या लोकांना विचारतो, मय्यतीवर कुणाचं काही येणं असेल तर आत्ता सांगा. माझे मियाँ गेले तेव्हा माझे दीर जिलानीभाईंनी विचारलं. मी आत बायकांत होते. आणि मग कोपऱ्यावरचा सायकलवाला घसा खाकरून म्हणाला, टायरचे थोडे बाकी आहेत. मला असा संताप आला! म्हटलं, आजच्या दिवशी याला टायर सुचतंय? जिलानीभाईंनी तिथंच पैसे दिले आणि त्या माणसाला मिठी मारली. नंतर मला म्हणाले, "भाभी, त्यानं सांगितलं हे उपकार केले. लाजेनं गप्प बसला असता तर भाईजान देणेकरी होऊन गेले असते."

तू मला यादीत घातलंस तेव्हा मी त्या सायकलवाल्यावर चिडले तशीच चिडले. मला वाटलं, माझं नाव घेऊन तू मला लहान केलंस. तुला मात्र देणेकरी म्हणून सरळ उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी समोर एक धनको लागतो. मी ती होईना. मला देणारीच राहायचं होतं. देणारीच राहण्यात फार सुख असतं बेटा, आता कळतंय की ते सुख मी तुमच्या दोघांच्या जिवावर घेत होते.

तारखेला येते. सकाळच्या एसटीनं येईन, संध्याकाळी परत फिरेन. घरी येणार नाही. तुझी आई बोलावत नाही तोवर तिच्या अंगणात पाय ठेवायचं मला तोंड नाही.

सुलतानखाला

*

लातूर
२ मार्च २०२४

ती. खाला,

सलाम.

त्या दिवशी निकाल ऐकून तुम्ही लगेच एसटी पकडायला धावलात आणि मला नीट काही बोलता आलं नाही. आज निकालाची प्रत हातात आलीय. अर्ज मंजूर झाला. मी आता कायद्यानं नादार आहे. माझी मोटारसायकल आणि बँकेतली थोडी शिल्लक रिसीव्हर नावाच्या कोर्टाच्या माणसाकडे जाईल, तो ती विकून धनकोंत वाटेल. वसुलीवाल्यांना आता मला हात लावता येत नाही. काल पुन्हा जुना नंबर चालू केला, एकही फोन आला नाही. मी उगीच दोन-तीनदा फोन बघितला.

विशाखाताई म्हणतात, अर्ज वाचला तो तुमच्यामुळे. मला तर तुम्ही पिंजऱ्यात चढताना बघवत नव्हतं. बँकेच्या वकिलांनी तुम्हाला किती फिरवून विचारलं. "बाई, तुम्ही त्याचे पैसे घेतले आणि त्याच्याच आईला दिले. याला काय म्हणायचं?" आणि तुम्ही चष्मा सावरून म्हणालात, "याला आगाऊपणा म्हणायचं साहेब. तो मी केला. पोराला म्हाईत नव्हतं, त्याच्या आईलाबी म्हाईत नव्हतं." न्यायाधीशांनी खाली बघितलं, पण ते हसत होते हे मी पाहिलं.

मग त्यांनी स्वतः विचारलं, तुमचं या मुलाकडून काही येणं आहे का? मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, काही नाही, ते बक्षीस होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि म्हणालात, "हाव. येणं हाय. उसने दिले होते, तो देणं लागतो. पण त्यानं दर महिन्याला फेडलेत, ते मला मिळालेत. ते वजा करा. मिळाल्यावर मी त्याचं काय केलं तो माझा मामला." खाला, कितीही मोठी रक्कम कुणी माझ्या नावावर जमा केली असती तरी मला तसं वाटलं नसतं, जसं ते 'वजा करा' ऐकून वाटलं.

नंतर आई उभी राहिली. तिनं सांगितलं की तिला काही ठाऊक नव्हतं, आणि सांगताना तिला जो राग आला तो खोटा असूच शकत नाही हे बँकेच्या वकिलांनाही कळलं असणार. त्यांनी तिला दुसरा प्रश्न विचारला नाही.

एक मात्र झालं. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांच्या मनीऑर्डरी कोर्टानं रद्द धरल्या, कारण एकाच धनकोला झुकतं माप देता येत नाही. ते पैसे तुम्हाला रिसीव्हरकडे भरावे लागले. जे तुम्ही कधी वापरले नाहीत ते तुम्ही स्वतःच्या पेन्शनमधून भरले. तुम्ही तिथं ज्या आवाजात "पावती द्या" म्हणालात त्यानं तो कारकून उठून उभा राहिला.

बाकावर आई तुमच्याशेजारी बसली होती, तोंड दुसरीकडे करून. मग तिनं फडकं सोडून भाकरीचा अर्धा भाग तुमच्याकडे सरकवला. ती काय म्हणाली ते मी ऐकलं. "पुन्यांदा असं करू नगा." आणि तुम्ही म्हणालात, "न्हाई करत." घरी आल्यावर आई म्हणाली, बाई चांगली आहे, फक्त तिला कुणी कधी नको म्हणून सांगितलेलं नाही.

एक मनातलं विचारतो. पुढे कोर्ट मला मोकळं करेल तेव्हा तुमचं उरलेलं देणंही कायद्यानं संपेल. ते मला अजून सहन होत नाही. काय करू?

तुमचा,
सत्यम

*

नांदेड
१४ सप्टेंबर २०२५

सत्यम बेटा,

दुआ.

कोर्टानं तुला मोकळं केल्याचं तुझं पत्र मिळालं. मुबारक. त्याच्या आठवडाभर आधी मला रिसीव्हरचा चेक आला होता. मोटारसायकल विकून जे आलं त्यात मोठा घास बँकेचा, मोबाइलवाल्यांचा छोटा, आणि माझा त्या दोघांच्या मधला. तुझी गाडी काही विमान नव्हती, तेव्हा किती आले असतील ते तुला कळेल. पण चेकसोबत कागद होता आणि त्यावर माझं नाव होतं, धनको म्हणून. या वेळी मी सुमय्याला बोलावून दाखवला.

गेल्या वर्षी तू विचारलं होतंस की माझं उरलेलं देणं संपतंय, तर तू काय करायचं. मी मुद्दाम उत्तर दिलं नव्हतं, कारण मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आता सांगते. काही करायचं नाही. बँकेला जसं सोडावं लागलं तसंच मलाही सोडावं लागलं. मी तुला माफ केलेलं नाही, नीट ऐक. माफ करणारी मी कोण? तू सगळं उघड केलंस, होतं ते दिलंस, कोर्टानं मोजून वाटलं, आणि आपला हिशेब मिटला. यात मी मोठी नाही आणि तू लहान नाहीस. हे मला फार आवडलं बेटा. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी बरोबरीत उभी राहिले.

नोकरी लागल्यापासून तू माझ्या घरी आला नाहीस. मी कधी विचारलं नाही, कारण का ते माहीत होतं. देणेकऱ्याला उंबरा उंच वाटतो. आता ये. हात हलवत ये. मिठाई आणलीस तर मी दार उघडणार नाही. आईला घेऊन ये, तिनं मला दिवाळीला बोलावलंय, त्याआधी एकदा मला तिच्यासाठी शेवया करायच्यात, माझ्या पैशाच्या, आणि तिला ते सांगून.

आता त्या चेकचं सांगते. तो वटला तशी मी बाजारात गेले. पाय दुखतात म्हणून मऊ तळव्याच्या चपला घेतल्या, महागातल्या. दुकानदार कमी करायला तयार होता, तरी मी घासाघीस केली नाही. उरलेल्या पैशांची मलईची मोठी कुल्फी घेतली आणि तिथंच स्टुलावर बसून खाल्ली. घरी कुणासाठी बांधून घेतली नाही. शेजारी एक बाई पोराला घेऊन उभी होती, तिला एक घेऊन द्यावी असं फार वाटलं. हात पिशवीकडे गेलाही होता. मी तो परत आणला.

तेव्हा केवळाबाईंना निरोप दे. या वेळी रेणापूरला काही येणार नाही. सत्यमनं दिलेले पैसे सुलतानबीनं स्वतः खाल्ले.

तुझी,
सुलतानखाला